खोल खड्डा, भरपूर खत आणि मेलेलं रोप

मृगाची चाहूल लागली की एक सल्ला घरोघरी पोचतो. रोप आणलंत? मग दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्या. तळाला विटांचे तुकडे, त्यावर पालापाचोळा, त्यावर शेणखत, निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा आणि वर रोपवाटिकेतली लाल माती. पिशवी फाडा, मुळांना जराही धक्का न लावता गोळा आत सोडा, खोड काठीला घट्ट बांधा आणि रोज न चुकता तांब्याभर पाणी घाला. सोसायटीतले हौशी बागकामवाले हेच सांगतात, रोपं विकणारा हेच सांगतो, निवृत्त होऊन बागेत रमलेले काकाही हेच सांगतात. यातली एखादी पायरी चुकीची असती तर कानाआड करता आली असती. पण घरच्या बागेपुरतं बोलायचं तर यातली जवळजवळ प्रत्येक पायरी नव्या झाडाच्या मुळावर उठणारी आहे. रोप मेलं की मात्र दोष लावणाऱ्याच्या हाताला. ‘तुमच्या हाताला गुण नाही’ असं ऐकून कुंड्या भंगारात दिलेली माणसं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतील.

आधी पिशवीतल्या रोपाची स्थिती पाहू. त्याची सगळी मुळं सहा-आठ इंचांच्या मातीच्या गोळ्यात असतात. जमिनीत गेल्यावर त्याला एकच काम उरकायचं असतं. पावसाळा आणि त्यानंतरची ओल हाताशी आहे तोवर गोळ्याबाहेर पडायचं आणि भोवतालच्या मूळच्या जमिनीत शिरायचं. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागतं तेव्हा ज्याची मुळं बाहेर पडली ते झाड तगतं, ज्याची आतच राहिली ते तुमच्या तांब्याच्या भरवशावर राहतं आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात की संपतं. म्हणून लागवडीबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी मी एवढंच विचारतो, की याने मुळं बाहेर जातील की आत अडकतील?

खोल, पौष्टिक खड्डा इथे पहिल्याच फेरीत नापास होतो, आणि काळ्या जमिनीत तर सपशेल. नगर, सोलापूर, मराठवाडा, विदर्भाचा मोठा भाग इथल्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण फार. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि एकदा फुगली की पाणी सावकाश मुरवते. अशा जमिनीत अडीच फूट खणून त्यात भुसभुशीत लाल माती आणि खत भरलं की पावसाचं पाणी त्या मऊ भरावात झपाट्याने उतरतं, काळ्या तळापाशी आणि भिंतींपाशी अडतं आणि तिथेच साचतं. आठवडाभर झड लागली की आतली हवा संपते. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो हे शाळेत शिकवतात, पण ते खड्ड्यापाशी कोणाला आठवत नाही. मुळं कुजायला लागली की पानं माना टाकतात, मालकाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी एक बादली ओततो. पाऊस ओसरल्यावर याच्या उलट घडतं. भुसभुशीत भराव आधी वाळतो, शेजारची काळी माती अजून ओली असते, पण मुळं तिच्यात गेलेलीच नसतात. मऊ माती सोडून कठीण भिंतीत घुसायचं तर कशाला? ती भिंतीपाशी येऊन वळतात. भर पावसात खणलेल्या खड्ड्याच्या भिंती फावड्याने दाबल्या जाऊन गुळगुळीत होतात, तिथे तर मुळीला शिरायला फटही मिळत नाही.

त्यातच शेणखत कुजतं तसा भराव बसतो. जूनमध्ये जमिनीच्या पातळीला लावलेलं झाड दिवाळीपर्यंत चांगलं तीन-चार बोटं खाली गेलेलं असतं, वर माती वाहून येते आणि बुंधा गाडला जातो. गाडलेल्या बुंध्याचं काय होतं ते पुढे सांगतो. खत नीट कुजलेलं नसेल तर त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि कोवळी मुळं कुरतडतात. कच्च्या शेणखताने हुमणी आणि वाळवी येते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शहरात मात्र गोणीवर ‘शंभर टक्के सेंद्रिय’ छापलेलं असलं की कोणी ती फोडून वाससुद्धा घेऊन पाहत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: कृषी विद्यापीठं आंब्यासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तितकाच खोल खड्डा सांगतात, मग ती काय वेडी आहेत? मुळीच नाहीत. कोकणात जांभ्याच्या सड्यावर आंबा लावायचा तर खड्ड्याबाहेर माती नावाची गोष्टच फारशी नसते. कातळ फोडून जागा करावी लागते, माती बाहेरून आणावी लागते, आणि पुढची अनेक वर्षं कलमाची भिस्त त्या खड्ड्यावर आणि कातळातल्या फटींवर असते. तिथे मोठा खड्डा ही चैन नाही, निकड आहे. मुरमाड माळावरही तीच गत. पण रत्नागिरीच्या सड्यासाठी दिलेली शिफारस जशीच्या तशी उचलून कोथरूडच्या बंगल्यातल्या जास्वंदीला लावायची, हे विद्यापीठाने सांगितलेलं नाही. तो उद्योग आपला.

खड्ड्यातल्या मातीत खत मिसळून झाड लवकर रुजतं का, हे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात कार्ल व्हिटकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात तपासलं. खणलेली मूळची मातीच परत भरलेल्या झाडांपेक्षा खतमातीतल्या झाडांची प्रगती काही सरस निघाली नाही. ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीसुद्धा आज झाडाच्या खड्ड्याच्या तळाशी सेंद्रिय खत घालू नका असंच सांगते, कारण ते कुजून झाड खाली बसतं. ‘परदेशी प्रयोग आपल्याकडे चालत नाहीत’ हे वाक्य मला ठाऊक आहे. हवामान वेगळं, झाडं वेगळी, हे खरंच. पण दोन वेगळ्या पोतांच्या मातींच्या सीमेवर पाणी अडतं हा नियम काही पासपोर्ट बघून लागू होत नाही. उलट तिथल्या कित्येक जमिनींपेक्षा आपली काळी जमीन या बाबतीत जास्त हट्टी आहे.

आणि आपलंच प्रमाण हवं असेल तर शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांकडे जावं. त्यांच्या प्रयोग परिवारातल्या तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी जमिनीच्या वरच्या थरातल्या पांढऱ्या मुळीचं महत्त्व फार पूर्वी ओळखलं होतं. झाडाची खाणारी-पिणारी मुळी बहुतांशी वरच्या फूट-दीड फुटात पसरते. खत द्यायचं ते वरून, पसरून, पाचोळ्याखाली. ते पावसाबरोबर उतरतं, गांडुळं खाली नेतात, आणि त्याच्या मागे मुळं बाहेर धावतात. आपण मात्र तेच खत अडीच फूट खाली पुरतो, जिथे हवा सगळ्यात कमी.

मग खड्डा कसा घ्यायचा? गोळ्याच्या उंचीइतकाच खोल, पण रुंदीला दुप्पट-तिप्पट. भिंती कुदळीने ओरबाडून खडबडीत करायच्या. चौकोनी खणला तर आणखी बरं, कारण कोपऱ्यात मुळं गोल फिरत राहत नाहीत. निघालेली मातीच ढेकळं फोडून परत भरायची. एवढंच. दमून जायचीच हौस असेल तर ती रुंदीत भागवावी.

हाडांच्या चुऱ्याचं प्रकरण थोडक्यात आटपतं. त्यातला स्फुरद आम्ल जमिनीत विरघळतो. कोकणातली तांबडी, जांभ्यापासूनची माती आम्लधर्मी आहे, तिथे त्याचा उपयोग होईल. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ, तिथे तो चुरा जवळपास तसाच पडून राहतो, किंवा गल्लीतली कुत्री खड्डा उकरून खातात. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की एप्सम सॉल्ट घालायची जी पद्धत पडली आहे, तिचंही असंच. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. देशावरच्या एक्झोऱ्यात, मोगऱ्यात, गुलाबात कोवळ्या पानांवर दिसणारी ती पिवळाई बहुतेक वेळा लोहाची असते. लोह जमिनीत असतं, पण चुनखडीमुळे आणि बोअरच्या जड पाण्यामुळे मुळांना मिळत नाही. मॅग्नेशियम ओतून लोह कसं मिळणार? साधं हिराकस घातलं तर तेही अशा जमिनीत लगेच अडकतं, म्हणून चिलेटेड लोह द्यावं लागतं. केळीच्या सालीचं पाणी, दालचिनीची पूड आणि साखरेसकट ओतलेला उरलेला चहा यांच्यावर मी शब्द खर्च करणार नाही. चिलटं हवी असतील तर चहा जरूर घाला.

आता खऱ्या भांडणाकडे येतो. ‘मुळांना हात लावू नका’ हे बागकामातलं सर्वांत पवित्र वाक्य आहे आणि सर्वांत जास्त झाडं त्यानेच मारली आहेत. रोप पिशवीत दीड-दोन वर्षं राहिलं की मुळं भिंतीला टेकून गोल फिरतात. तशीच जमिनीत गेली तरी ती फिरतच राहतात, कारण लाकूड झालेलं मूळ नंतर सरळ होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी हीच वेटोळी जाड होतात आणि बुंध्यालाच आवळतात. सोसायटीच्या फाटकापाशी चार वर्षं हिरवंगार असलेलं झाड पाचव्या वर्षीच्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं, तेव्हा खड्ड्यात जाऊन पाहा. पिशवीचा आकार अजून शाबूत दिसेल.

आपल्याकडे एक आणखी गोष्ट आहे, जिच्याबद्दल विकणारे सोयीस्कर गप्प असतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची रांग आहे, मुंबई-ठाण्यात रस्त्यारस्त्यावर विक्रेते आहेत. त्यांच्याकडची बरीच शोभेची झाडं तिथे वाढलेली नसतात. ती आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून किंवा बंगालातून ट्रकने येतात, आणि वाटेत गोळा फुटू नये म्हणून घट्ट चिकट मातीत बसवलेली असतात. तो गोळा वाळला की दगडासारखा होतो. हलक्या मातीत किंवा कोकोपीटच्या कुंडीत तसाच ठेवला तर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं. कुंडीच्या भोकातून पाणी गळताना पाहून आपण खूश, आणि गोळ्याच्या मध्यभागी ठणठणाट. या गोळ्याला हात लावायचा नाही तर काय पूजा करायची? बादलीत तासभर भिजवा, बाहेरची चिकट माती बोटांनी सैल करा, तळाशी गुंडाळलेली मुळं धारदार कात्रीने कापा, बाजूंनी तीन-चार उभे छेद द्या. कापलेल्या टोकामागून नवी मुळं फुटतात, आणि ती बाहेरच्या दिशेने जातात.

सरसकट नाही, हेही सांगायला हवं. बोगनवेलीची मुळं नाजूक आणि चिडखोर असतात, तिचा गोळा फुटला तर ती रुसतेच. कोय कलमाचं कोवळं आंब्याचं रोपही सावधपणे हाताळावं, मात्र तळाशी वळलेलं सोटमूळ असेल तर टोक छाटायलाच हवं. मोठ्या झाडांची मुळं पूर्ण धुऊन लावण्याबद्दल परदेशातही एकमत नाही. आणि भर मे महिन्यात हा उपद्व्याप कोणी करू नये. पण या अपवादांच्या आडोशाने जास्वंद, चाफा, कण्हेर, वड-पिंपळाच्या जातीतली सगळी शोभेची झाडं वेटोळ्यांसकट पुरायची, हे चालणार नाही.

खोलीबद्दल शहरातल्या बागवानाने विदर्भातल्या संत्राबागायतदाराकडे शिकवणी लावावी. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर राहिला पाहिजे आणि बुंध्याला पाणी लागता कामा नये, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या डिंक्या रोगाने शिकवलं आहे. म्हणूनच तिथे दुहेरी आळं करतात. बुंध्याभोवती कोरडा मातीचा चढ आणि पाणी बाहेरच्या कड्यात. ओल्या मातीत बुंध्याची साल कुजवणारी फायटोफ्थोरा बुरशी फक्त संत्र्यावर येते असं नाही. तरीही आपण कलम खोल बसवतो, डोळा गाडतो, बुंध्याला चिकटून आळं करतो आणि ठिबकची नळी नेमकी खोडाला टेकवून वर्षानुवर्षं तिथेच ठेवतो. खोड जमिनीत शिरताना जिथे रुंदावतं ती जागा उघडी दिसली पाहिजे. रोपवाटिकेतच ती बऱ्याचदा दोन-तीन बोटं मातीखाली गेलेली असते, तेव्हा आधी वरची माती खरवडून ती शोधा, मग खोली ठरवा. कलमाला गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी जोड पक्का झाल्यावर काढायची असते हेही कोणी सांगत नाही. ती राहिली की खोड जाड होताना तिथेच चिरतं.

पाण्याच्या बाबतीत मी दोन्ही पक्षांशी भांडणार आहे. ‘रोज तांब्याभर’ म्हणणाऱ्यांशी, कारण तांब्याभर पाण्याने वरची दोन बोटं ओली होतात आणि मुळं तिथेच थांबतात. आणि ‘एकदाच भरपूर देऊन विसरा, म्हणजे मुळं खोल जातील’ म्हणणाऱ्यांशीही, कारण पहिले दोन-तीन आठवडे झाडाकडे गोळ्याबाहेर एकही मूळ नसतं. भोवतालची जमीन ओली असली तरी कोकोपीटचा गोळा दोन दिवसांत आतून वाळतो. त्या काळात पाऊस नसेल तर पाणी गोळ्यावरच, दिवसाआड, बोट खुपसून पाहून. नवी पालवी दिसली की आळं बाहेर सरकवायचं, अंतर वाढवायचं आणि प्रत्येक वेळचं पाणी बादलीने मोजायचं. बाहेर ओल असेल तरच मुळं बाहेर जातात. आळ्यात चार बोटं जाडीचा पाचोळा पसरा, बुंध्यापासून थोडा दूर. सोसायटीचा झाडूवाला तो ‘कचरा’ म्हणून रोज सकाळी गोळा करून जाळतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

लागवडीची तारीखही कॅलेंडरवरून ठरवू नका. ५ जूनला पर्यावरण दिन असतो, आणि मान्सून पोचण्याची सरासरी तारीख पुण्यात १०, तर मुंबईत ११ जून. भाषणं, फोटो आणि कडक ऊन यांच्यामध्ये लावलेलं रोप, जे तोवर हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेलं असतं, ते चार दिवसांत करपतं. दोन चांगले पाऊस होऊन जमिनीला वाफसा येऊ द्यावा. आणलेलं रोप तोवर अर्धवट उन्हात ठेवून सरावू द्यावं.

काठीबद्दल थोडंच. झाडाला वाऱ्यात हलू द्या, हलल्यानेच खोड जाड होतं. आधार लागलाच तर खालच्या भागाला सैल बांधा आणि वर्षाने सोडा. तारेने बांधून विसरलेली झाडं रस्त्याकडेला हवी तेवढी पाहायला मिळतात.

गॅलरीवाल्यांनी हसू नये, तळाला विटांचे तुकडे हा त्यांचाच लाडका प्रकार आहे. निचरा होतो म्हणे. बारीक मातीखाली जाड थर आला की वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय पाणी त्या थरात उतरतच नाही. म्हणजे तुकड्यांनी निचरा वाढत नाही, चिंब मातीचा पट्टा फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी बागकामातल्या अशा समजुतींवर २००८ साली ‘द इन्फॉर्म्ड गार्डनर’ हे पुस्तकच लिहिलं. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरे.

‘आमच्या आजोबांनी असंच लावलं होतं, ते झाड अजून उभं आहे.’ असेल. आजोबांनी लावलेली आणि मेलेली झाडं दाखवायला मात्र कोणी नेत नाही. शिवाय आजोबांनी बहुधा कोय जागेवरच पुरली होती. तिचं सोटमूळ पहिल्या दिवसापासून मूळच्या जमिनीत होतं, पिशवी नव्हती, वेटोळं नव्हतं, आणि खड्डा असलाच तर खुरप्याच्या एका घावाचा. आजोबांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

राहता राहिलं ते ‘लहान बाळासारखं जपा’. बाळ उचलून हवं तिथे नेता येतं, भूक लागली की ते रडतं. झाडाला पुढची चाळीस वर्षं त्याच जागी, तुमच्या जमिनीत, तुमच्या गैरहजेरीत काढायची आहेत. त्याला पहिल्याच दिवशी त्याच जमिनीशी गाठ घालून द्यावी लागते, तिच्यापासून लपवून ठेवता येत नाही.

एवढं वाचूनही खोल खड्ड्यावरची श्रद्धा ढळली नसेल तर पुढच्या वेळी रोप मेलं की कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. उपटून मुळं नळाखाली धुवा. गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा असेल तर तो तसाच उचलून ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याकडे घेऊन जा. बुंध्याची साल काळी पडून नखाने सुटत असेल, आंबूस वास येत असेल, तर ते खोल लावण्याचं आणि बुंध्यापाशी पाणी घालण्याचं काम. पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या सापडल्या तर शेणखताची गोणी आठवा. भोवतालची माती ओली आणि गोळा मात्र ठणठणीत कोरडा असेल तर तांब्या तपासा. आणि मुळं चांगली हातभर बाहेर पसरलेली, पांढरी, निरोगी असूनही झाड मेलं असेल, तर मात्र कारण दुसरीकडे शोधावं लागेल. बहुधा कोणीतरी फरशी पुसलेलं फिनेलचं पाणी रोज आळ्यात ओतत असतं.